कुत्रं परत येऊ नये म्हणून

निवाऱ्यातलं कुत्रं एखाद्या घरात पाठवणं फारसं अवघड नाही. पिल्लू गोंडस असेल आणि फोटो बरा आला असेल, तर संध्याकाळपर्यंत दहा-पंधरा फोन येतात. सहा महिन्यांनी ते त्याच घरात असणं मात्र अवघड. दत्तक गेलेलं कुत्रं परत येतं तेव्हा ते आधीपेक्षा बुजलेलं असतं, वयाने वाढलेलं असतं आणि फोटोत पूर्वीइतकं लोभस दिसत नाही. दुसरं घर मिळायला मग कितीतरी जास्त वेळ लागतो. पुण्या-मुंबईकडे आम्ही स्वयंसेवक जी पद्धत पाळतो, तिच्यातली जवळपास प्रत्येक पायरी अशाच कुठल्या तरी परत आलेल्या कुत्र्यामुळे आलेली आहे.

पहिला प्रश्न, घर शोधायचं कुणासाठी? गल्लीत रुळलेलं, चार घरचं खाऊन धडधाकट असलेलं मोठं कुत्रं उचलून फ्लॅटमध्ये कोंडणं म्हणजे त्याच्यावर उपकार नव्हे. अशा कुत्र्यांसाठी २००१ चे आणि आता त्यांच्या जागी आलेले २०२३ चे प्राणी जन्मनियंत्रण नियम आहेत: नसबंदी, रेबीजची लस, कानाला खूण आणि जिथून उचललं तिथेच परत सोडणं. शाळा, रुग्णालयं, बस व रेल्वे स्थानकं यांच्या आवारातल्या कुत्र्यांसाठी सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी वेगळा आदेश दिला, त्यांना उचलून निवाऱ्यात ठेवायचं, परत सोडायचं नाही. त्याआधी, २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात दत्तक घेण्याची वाट मोकळी ठेवली होती. अट एवढीच की घेणाऱ्याने ते कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही हे पाहायचं. थोडक्यात, निवाऱ्यातली गर्दी वाढणार आणि घरांचा शोधही वाढणार.

आमच्या यादीत मुख्यतः येतात ती माणसांनी सोडलेली कुत्री. बदली झाली म्हणून ठेवून गेलेला लॅब्रेडॉर, मुंबईच्या दमट हवेत कातडी सडलेला हस्की, पैदास करणाऱ्याने सात-आठ वेळा वेतं घेऊन बाहेर काढलेली पग किंवा शित्झूची मादी, आईविना सापडलेली गावठी पिल्लं, अपघातानंतर तीन पायांवर चालणारी. पाळीव जनावर उपाशीतापाशी मरेल अशा अवस्थेत सोडून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. तो वसूल करायला जाणाऱ्याच्या रिक्षाचं भाडंही त्यात निघत नाही, त्यामुळे धाक कुणालाच नाही.

निवाऱ्यात गेल्यावर पिंजऱ्यासमोर उभं राहून कुत्रं निवडायचं नाही. जाळीमागे उड्या मारून भुंकणारं कुत्रं बाहेर काढल्यावर बऱ्याचदा मांडीत डोकं ठेवतं. त्याचा राग जाळीवर असतो. कोपऱ्यात गुपचूप बसलेल्याला लोक ‘किती शांत आहे’ म्हणतात, पण ते अनेकदा भीतीने गोठलेलं असतं आणि घरी गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्याचा खरा आवाज बाहेर येतो. म्हणून आधी पिंजऱ्याबाहेर आडवं बसायचं, पाठ अर्धी वळवून, डोळ्याला डोळा न भिडवता, दहा मिनिटं. उकडलेल्या चिकनचे तुकडे बाजूला टाकायचे. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पट्टा लावून बाहेर. अंगावरून हात फिरवताना कान, पंजे आणि शेपटीचं मूळ या तीन जागी कुत्रं कसं वागतं ते लिहून ठेवायचं, कारण घरी औषध घालताना आणि पाय पुसताना हात तिथेच लागणार असतो. जेवणाच्या भांड्यात हात घालून ‘परीक्षा’ घेणारे लोक अजून आहेत. ते करू नये. भांड्याजवळून चालत जायचं आणि जाता जाता चांगला तुकडा टाकायचा. अंग ताठ झालं, खाण्याचा वेग वाढला, तर लहान मुलांचं घर नको, एवढं कळायला तेवढं पुरतं.

मग रोजच्या जगण्यातल्या गोष्टी. झाडू, काठी, हेल्मेट घातलेला माणूस, कुकरची शिट्टी, लिफ्टचं दार, पायऱ्या. निवाऱ्यात वाढलेल्या कितीतरी कुत्र्यांनी पायरी पाहिलेलीच नसते. चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत असं कुत्रं गेलं की वीस किलोचा जीव रोज उचलून न्यावा लागतो. दुसरं कुत्रं आधी जाळीपलीकडून दाखवायचं, मग दोघांना एकाच दिशेने, मध्ये दहा-बारा फूट ठेवून चालवायचं. समोरासमोर नाक भिडवून ओळख करून द्यायची नाही.

यातलं काहीही पहिल्या दिवशी ठरत नाही. निदान तीन दिवस, जमलं तर आठवडा.

यानंतरचे १४ दिवस दवाखान्याचे, आणि इथे घाई केली की एका कुत्र्याबरोबर दुसरीही जातात. पिल्लांचा सगळ्यात मोठा शत्रू पार्व्हो, हा आतड्यांचा विषाणूजन्य आजार. लागण झाल्यावर साधारण ३ ते ७ दिवसांनी लक्षणं दिसतात, क्वचित दोन आठवड्यांनी. म्हणजे निवाऱ्यातून आणलेलं उड्या मारणारं पिल्लू निरोगी असेलच असं नाही. १४ दिवस वेगळं ठेवायचं ते यासाठी. खाणं सोडणं, उलट्या, मग रक्ताचे जुलाब आणि एकदा आलेला विसरता न येणारा वास, असा क्रम. विष्ठेची झटपट चाचणी दहा मिनिटांत होते, पण आजार फार नवा असेल तर ती निगेटिव्ह येऊ शकते, आणि नुकती लस दिली असेल तर उगीच फिकी रेघ उमटू शकते. रेघेपेक्षा पिल्लाकडे पाहावं. खाणं सोडलेल्या, उलट्या करणाऱ्या पिल्लाला ‘उद्या बघू’ म्हणायचं नाही. ते सलाइनवर आजच जायला हवं.

हा विषाणू फरशीवर, मातीत, चपलेच्या तळव्यात महिनोन्‌महिने टिकतो. आपल्याकडे घरोघरी वापरतात त्या फिनाइलचा त्यावर भरवसा नाही. लागतं ते ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट: ५ टक्क्यांच्या आसपासचं असेल तर १ भाग ब्लीच, ३० भाग पाणी. आधी घाण पूर्ण धुऊन काढायची, मग हे पाणी दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. घाणीवर ब्लीच ओतलं तर ते घाणीशीच झगडून संपतं. ज्या घरात गेल्या वर्षभरात पार्व्होने पिल्लू गेलंय, तिथे लसींचा कोर्स पूर्ण झालेलं कुत्रंच द्यायचं. लोकांना हे सांगताना वाईट वाटतं, कारण ते दुःखातच फोन करत असतात, पण सांगावं.

सगळ्या रोगांची एकत्र लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि दर दोन ते चार आठवड्यांनी, १६ आठवड्यांचं वय होईपर्यंत द्यावी लागते. रेबीजची लस तीन महिन्यांची झाल्यावर. एक इंजेक्शन झालं म्हणजे ‘लस झाली’, हा समज आम्हाला सगळ्यात महागात पडतो. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती पहिल्या डोसांना निकामी करू शकते, म्हणून तर शेवटचा डोस १६ आठवड्यांनंतरचा हवा. जंताचं औषध पिल्लांना तीन महिन्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, नंतर सहा महिन्यांपर्यंत महिन्याला एकदा. मात्रा वजनावर ठरते, त्यामुळे आधी वजन. स्वयंपाकघरातला वजनकाटा पिल्लासाठी उत्तम. मोठ्याला उचलून आपण काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं.

मोठ्या कुत्र्यांत पावसाळ्याच्या आगेमागे गोचिडांचा ताप. हिरड्या फिक्या, मधूनच नाकातून रक्त, जेवणावर वासना नाही. पण कितीतरी वेळा काहीच दिसत नाही आणि रक्त तपासल्यावर प्लेटलेट कोसळलेल्या निघतात. म्हणून घरी पाठवण्याआधी रक्ताची तपासणी आम्ही चुकवत नाही. एर्लिकिया (गोचिडांतून येणारा जंतू) निघाला तर डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात, साधारण २८ दिवस. दहाव्या दिवशी कुत्रं खेळायला लागतं आणि गोळ्या ड्रॉवरमध्ये राहतात. मग दोन महिन्यांनी तोच ताप, आणि ‘तुम्ही आजारी कुत्रं दिलंत’ असा फोन. गोळी जेवणानंतर द्यावी, दुधातून नको, कारण दुधाने तिचं शोषण कमी होतं. त्वचा गेलेली असेल तर खरवडून तपासून घ्यावं: एका प्रकारची खरूज माणसाला चिकटते, दुसरी चिकटत नाही, आणि ‘केस गेलेत’ यावरून ते ओळखता येत नाही. खरजेवरचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन कुणीही मनाने टोचू नये. कॉली जातीच्या रक्ताच्या कुत्र्यांना ते जिवावर बेतू शकतं, आणि सोडून दिलेल्या कुत्र्याचे आईबाप कोण हे आपल्याला माहीत नसतं.

पैदाशीतून सुटलेल्या माद्यांची नसबंदी घर मिळण्याआधीच करायची. गर्भाशयात पू झालेली किंवा स्तनात गाठ असलेली मादी ‘घरच्यांनी नंतर करून घ्यावी’ या बोलीवर देऊ नये. पिल्लं सहा महिन्यांची व्हायच्या आत नव्या घरी जातात, त्यांच्या बाबतीत नसबंदीची तारीख आम्हीच डॉक्टरांकडे नोंदवून पालकांना कळवतो. नुसतं ‘करून घ्या हं’ म्हटलं तर निम्म्यांना आठवण येते ती पहिल्या माजाला, जेव्हा सोसायटीच्या फाटकाशी आठ नर बसलेले असतात.

ही सगळी देखभाल शक्यतो फॉस्टर घरात, म्हणजे कायमचं घर मिळेपर्यंत तात्पुरतं सांभाळणाऱ्याकडे व्हावी. निवाऱ्यात कुत्र्याचा स्वभाव पुरता कळत नाही. घरात चार दिवसांत कळतो. फॉस्टर म्हणून उभं राहणाऱ्याने आधी आपल्याच घरात एक खोली ठरवावी. न्हाणीघराशेजारची असली तर बरं. सोफ्याचे पाय, चार्जरच्या वायरी, चपला आणि उंदीर मारायच्या वड्या एवढं हलवलं की निम्मी काळजी मिटते. घरात दुसरं कुत्रं असेल तर पहिले १४ दिवस भांडी, टॉवेल, फिरायच्या वेळा वेगळ्या. आणि ज्या कुणाला कुत्र्यांना हाताळायचं आहे त्याने रेबीजची आगाऊ लस घेऊन ठेवावी. दात लागलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही लावायचं नाही, आणि आगाऊ लस झालेली असली तरी पुढचे डोस घ्यायला त्याच दिवशी दवाखान्यात जायचं.

जाहिरातीबद्दल आमचं मत जरा कडक आहे. ‘आज घर मिळालं नाही तर मरेल’ असं लिहून भराभर फोन येतात हे खरं, पण दयेपोटी नेलेलं कुत्रं दया ओसरली की परत येतं. फोटो पिंजऱ्याबाहेर, कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, शेजारी एखादा माणसाचा हात किंवा गुडघा, म्हणजे आकार कळतो. काळ्या कुत्र्यांना सगळ्यात उशिरा घर मिळतं. त्यांचा फोटो सकाळी सावलीत, मागे फिकी भिंत आणि गळ्यात पिवळा किंवा नारिंगी रुमाल असा घ्यावा, नाहीतर फोटोत दोन डोळे आणि एक काळा डाग दिसतो. माद्यांना नरांपेक्षा उशिरा घर मिळतं, ते वेगळंच. वय दातांवरून सांगायचं: दुधाचे सुळे साधारण पाच-सहा महिन्यांत पडतात, सातव्या महिन्यापर्यंत पक्के दात पूर्ण येतात. त्यापुढचं वय अंदाजे, आणि तसंच लिहावं. गावठी पिल्लाला ‘लॅब मिक्स’ म्हणून खपवण्याची चाल फार आहे. सहा महिन्यांनी लॅब्रेडॉर होत नाही म्हणून ते परत येतं. गावठी कुत्रं मोठं झाल्यावर १५ ते २५ किलोचं, चपळ, कमी आजारी पडणारं, पण परक्यावर भुंकणारं होतं, हे आधीच लिहिलं तर ज्याला तेच हवंय तोच फोन करतो.

फोनवर पहिला प्रश्न ‘तुम्हाला कुत्रा का हवाय?’ असा विचारू नये. त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. विचारायचं, ‘सकाळी सहाला खाली कोण नेणार?’ ‘दिवाळीत गावी जाता, तेव्हा कुठे राहील?’ ‘घरात कुणाला नको आहे?’ या तिसऱ्या प्रश्नावर बहुतेकदा हसू येतं आणि मग ‘आई जरा घाबरतात, पण होईल सवय’. दिवसभर घरात आई असणार, कुत्र्याबरोबर आईच असणार, म्हणजे आईंशीच बोलायला हवं. घरातल्या ज्येष्ठांचा नकार हा खरा नकार असतो. मुलाच्या वाढदिवसाची भेट, मे महिन्याच्या सुट्टीपुरतं, मुळशीच्या फार्महाऊसवर राखणीला, गच्चीवर बांधून ठेवायला, यांना आम्ही नाही म्हणतो. एकट्या राहणाऱ्या, भाड्याच्या घरातल्या पंचविशीतल्या मुलामुलींना सरसकट नाही म्हणत नाही; घरमालकाची लेखी परवानगी मागतो. सोसायटीला पाळीव कुत्र्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, सर्वसाधारण सभेत बहुमताने ठराव करूनसुद्धा नाही, असं भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. पण भाडेकरूची गाठ सोसायटीआधी घरमालकाशी असते, आणि अकरा महिन्यांचा करार संपताना पहिला बळी कुत्र्याचा जातो.

शाकाहारी घर हा आपल्याकडचा नाजूक विषय. नाही म्हणायचं कारण नाही, पण दूध-पोळीवर वाढवलेलं कुत्रं ढाळतं आणि केस सोडतं, हे स्पष्ट सांगायचं. घरात अंडं चालत नसेल तर तयार खाद्य चालेल का, ते विचारायचं. अठरा किलोच्या, बेताच्या हालचालीच्या कुत्र्याला कोरडं खाद्य दिवसाला २५०-३०० ग्रॅम लागतं, दोन वेळांत विभागून. उरलेली आमटी आणि रस्सा नको, त्यात कांदा-लसूण असतो. द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडंही नकोत. प्रसादाच्या शिऱ्यातल्या मनुका हमखास विसरल्या जातात.

घर पाहायला प्रत्यक्ष जावंच. शहर वेगळं असेल तर व्हिडिओ कॉल, आणि कॅमेरा आपण सांगू तिकडे फिरवायला लावायचा. आम्ही शोभेच्या वस्तू पाहत नाही, खिडक्या पाहतो. सरकत्या काचेच्या, जाळी नसलेल्या खिडकीखाली दिवाण ठेवलेला असतो, आणि खाली मांजर दिसलं की कुत्रं विचार करत नाही. बाल्कनीच्या गजांतून पिल्लाचं डोकं जात असेल तर पिल्लूही जातं. बंगल्याच्या फाटकाखालची फट, गच्चीचा बुटका कठडा, मुख्य दार थेट रस्त्यावर उघडतं का, कामाला येणाऱ्या मावशी दार उघडं ठेवतात का. मावशींशीही दोन शब्द बोलावेत. कुत्रं पळून जातं ते पुष्कळदा त्या आत येण्याच्या क्षणी.

कागदपत्रं साधी: ओळखपत्र आणि वीजबिलाची प्रत, लसींचं पुस्तक आणि एक करारपत्र. त्यात नसबंदीची तारीख, भेटीला येऊ देण्याची मुभा, आणि सगळ्यात महत्त्वाची ओळ: सांभाळणं जमलं नाही तर कुत्रं आमच्याकडेच परत द्यायचं, परस्पर कुणाला नाही. कोर्टात या कागदाचं काय होईल ते होवो; सही करताना ती ओळ मोठ्याने वाचली जाते, एवढ्यासाठीच तो कागद आहे. महापालिकेकडे कुत्र्याची नोंदणी करून परवाना घ्यायचा असतो. रेबीजच्या लसीचा दाखला लागतो, तो त्याच फाईलीत लावून द्यावा.

प्रवासाच्या दिवशी चार-सहा तास आधी खाणं बंद, पाणी थोडं थोडं. मुंबई-पुणे रस्त्यावर घाटात बहुतेक कुत्री ओकतात, टॉवेल जवळ ठेवावा. मधल्या थांब्यावर दार उघडण्याआधी पट्टा हातात आहे ना ते दोनदा पाहायचं. पिंजऱ्यात असेल तर उघडायचंच नाही. रेल्वेने मोठं कुत्रं नेण्याचे दोनच मार्ग: पहिल्या वर्गाचं अख्खं कूपे किंवा केबिन, नाहीतर गार्डच्या डब्यातला कुत्र्याचा कप्पा. पार्सल कार्यालयात आधीच जाऊन नोंद करावी लागते. एप्रिल-मेमध्ये तो कप्पा भट्टी होतो. त्या दिवसांत आम्ही गाडी करून नेतो किंवा जूनपर्यंत थांबतो.

परदेशातून, विशेषतः मुलगा-सून तिकडे असलेल्या घरांतून, हल्ली ‘आम्ही इथून नेऊ’ असे फोन येतात. गोव्याच्या किनाऱ्यावरची कुत्री पर्यटक नेतात, ते ऐकून पुण्यातही विचारणा होते. युरोप आणि ब्रिटनसाठी क्रम असा: आधी पंधरा अंकी मायक्रोचिप (कातडीखाली बसवायची ओळखीची चिप), मग रेबीजची लस, निदान ३० दिवसांनी रक्तातल्या प्रतिपिंडांची चाचणी, आणि रक्त घेतल्यापासून तीन महिने थांबणं. लस आधी आणि चिप नंतर झाली तर ती लस धरत नाहीत, सगळं पहिल्यापासून. दत्तक देण्यासाठी पाठवलेली कुत्री कॅनडाने २८ सप्टेंबर २०२२ पासून रेबीजचा धोका जास्त असलेल्या देशांतून घेणं बंद केलं, आणि त्या यादीत भारत आहे. अमेरिकेत ऑगस्ट २०२४ पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू नेताच येत नाही. त्यामुळे ‘पिल्लूच हवं’ म्हणणाऱ्या तिकडच्या घरांना तिथल्याच निवाऱ्याचा पत्ता शोधायला सांगतो.

आता घर. पहिल्या दिवशी लोक तीन गोष्टी करतात: आंघोळ घालतात, शेजाऱ्यांना बोलावतात, फोटो काढतात. तिन्ही नको. एक खोली, एक सतरंजी, पाण्याचं भांडं आणि शांतता. आमच्यात तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असं म्हणतात: तीन दिवस भेदरलेलं, तीन आठवड्यांत घराचं वेळापत्रक कळलेलं, तीन महिन्यांत आपलं घर वाटायला लागलेलं. मधल्या टप्प्यात गंमत होते. गरीब वाटणारं कुत्रं तिसऱ्या आठवड्यात दारावर भुंकायला, सोफ्यावरून हटवलं तर गुरगुरायला लागतं. पालक घाबरतात. खरं तर आता कुठे त्याला बोलायचं धाडस आलेलं असतं. गुरगुरण्यावर ओरडू नये. ओरडून गुरगुरणं बंद झालं की पुढच्या वेळी इशारा न देता दात लागतात.

शी-शूबद्दल सगळ्यात जास्त फोन. पहिल्या दिवशी २४ तास काही केलं नाही तरी काळजी नको; ३६ तास झाले तर डॉक्टरांना विचारावं. निवाऱ्यातलं मोठं कुत्रं तासभर फिरवून आणल्यावर घरात येऊन फरशीवरच करतं, आणि माणसांना वाटतं की मुद्दाम करतं. त्याने आयुष्यभर सिमेंटच्या लादीवर केलेलं असतं. मऊ माती त्याला त्या कामाची जागा वाटतच नाही. उपाय असा की घरात झालेली शू वर्तमानपत्राने टिपायची, तो कागद खाली नेऊन एका ठरावीक जागी ठेवायचा, दगडाने दाबायचा, आणि तिथेच उभं राहायचं. झालं की लगेच खाऊ. आठ-दहा दिवसांत बहुतेकांना कळतं.

पळून जाण्याची भीती पहिले दोन आठवडे सगळ्यात जास्त. गावठी कुत्र्याची मान डोक्याइतकीच रुंद असते, त्यामुळे साधा पट्टा मागे सरकून निघतो. पट्ट्यात दोन बोटं जातील इतकाच सैल, अंगात हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा), दोन्हींना दोऱ्या आणि दोऱ्या एकाच हातात. घाबरलेलं कुत्रं उलटं चालून हार्नेसमधूनही निसटतं, म्हणून दोन्ही. गळ्यात फोन नंबरचा बिल्ला पहिल्या तासापासून. तरीही पळालंच, तर मागे धावायचं नाही आणि दहा माणसं हाका मारत फिरवायची नाहीत. जिथून सुटलं तिथे त्याची सतरंजी ठेवायची, पहाटे चार ते सहा आणि रात्री अकरानंतर एकट्याने फिरायचं, दिसलं तर खाली बसायचं. वॉचमन, सफाई कामगार, पहाटेचा दूधवाला आणि चहाची टपरी, यांना छापील फोटो द्यायचा. महापालिकेच्या नसबंदी केंद्रात रोज चक्कर, कारण गाडीने उचललं असेल तर ते तिथेच असतं.

दिवाळीच्या आधीच्या दोन आठवड्यांत आम्ही एकही कुत्रं नव्या घरी पाठवत नाही. ढोलपथकांच्या सरावाच्या वाड्यांजवळ गणपतीच्या आधीही नाही. अशा वेळी पालक रागावतात, सगळी तयारी झालेली असते. रागावू द्यावं.

पाठवल्यावर पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, एकविसाव्या दिवशी आणि तीन महिन्यांनी फोन. ‘कसं चाललंय?’ विचारलं की ‘छान’ एवढंच उत्तर येतं. म्हणून विचारायचं, ‘काल रात्री कुठे झोपला?’ ‘आज सकाळी शी कुठे केली?’ ‘तुम्ही बाहेर गेलात तेव्हा शेजारचे काय म्हणाले?’ बाल्कनीत झोपला असं कळलं की पुढचं बोलणं सुरू होतं. पिल्लांच्या बाबतीत आणखी एक फोन आम्ही जोडलाय, सातव्या-आठव्या महिन्याचा. या वयात ते चप्पल, दाराची चौकट, शाळेचं दप्तर फाडतं, ऐकेनासं होतं, आणि परत येणाऱ्या पिल्लांची मोठी लाट याच वयाची असते. ‘हे आणखी चार-सहा महिन्यांत उतरतं’ एवढं वेळेवर सांगितलं आणि रोजचं फिरणं अर्ध्या तासाने वाढवायला लावलं, तर बरीच घरं टिकतात.

काही टिकत नाहीत. परत घ्या असा फोन आला की कारण विचारायचं, पण वाद घालायचा नाही आणि लाज वाटेल असं बोलायचं नाही. ज्याला एकदा फोनवर झापलं, तो पुढच्या वेळी फोन न करता कुत्रं कात्रजच्या घाटात सोडून येतो. किती दिवस सांभाळता येईल ते विचारावं. बहुतेक जण आठवडाभर थांबतात, तेवढ्यात फॉस्टर सापडतो. कुत्रं चावलं म्हणून परत येत असेल तर दहा दिवस ते एका जागी, नजरेखाली राहायला हवं, त्यामुळे ते लगेच दुसऱ्या घरी जाणार नाही. कधी दोन दिवसही थांबायची तयारी नसते, रात्री अकराला गाडी दारात उभी राहते. त्यासाठी निवाऱ्यात कितीही दाटी असली तरी शेवटचा एक पिंजरा रिकामा, धुतलेला, पाण्याचं भांडं पालथं घालून ठेवलेला असतो.